दोन छपरं, एक खांब

आश्विन लागला की माथेरान डोळे उघडतं.

चार महिने धुक्याच्या गोधडीत निजलेला डोंगर. चार महिने पागोळ्यांची जपमाळ ओढणारी घरं. चार महिने मिटलेली बाजारपेठ. आणि मग एका सकाळी जांभळीच्या शेंड्यावरून ऊन उतरतं. कोवळं, केशरभिजलं ऊन, फांदीफांदीवर थांबत, खाली यावं की परत फिरावं अशा संभ्रमात उतरतं आणि अंगणाच्या कडेशी येऊन थबकतं. फार वर्षांनी माहेरी आलेल्या बाईसारखं.

खाली माती लाल. ओली असली की कुंकू, वाळली की गुलाल. वाटा लाल, भिंतींची पावलं लाल, घोड्यांचे खूर लाल, माणसांच्या टाचा लाल. या गावात मोटार चढत नाही. वर येतं ते घोड्याच्या पाठीवरून, हातगाडीवरून, नाहीतर माणसाच्या डोक्यावरून. म्हणून इथं वस्तू सहजी येत नाही, आणि आलेली वस्तू सहजी जात नाही.

हा गाठी सोडायचा महिना. पावसाआधी भिंतींना बांधलेले निळे प्लास्टिकचे पडदे आता सुटतात, सुंभाच्या दोऱ्या सुटतात, खिडक्यांवर ठोकलेल्या फळ्या सुटतात. शेवाळलेल्या ओट्यांना ऊन लागतं. गावभर नुसती सुटण्याची कुरकुर चाललेली असते.

भिकाजी पारट्यांच्या पडवीतली एक गाठ मात्र बावीस वर्षं सुटली नव्हती.

ताडपत्रीत गुंडाळलेली, दोरीनं करकचून आवळलेली, पुरुषभर उंचीची एक वस्तू तिथं कोपऱ्यात उभी होती. पावसाळ्यात तिच्या माथ्यावर कोंबड्या बसत. उन्हाळ्यात तिच्या आडोशाला कांदे वाळत. भिकाजींची बायको भागीरथी रोज तिच्याभोवती केरसुणी फिरवी आणि रोज तोच एक शब्द टाकी.

"मढं."

यंदा श्रावणात ती गाठ सुटली. एका खोट्यापायी सुटली.

फोन आला होता नाशिकहून. वैजयंतीचा. त्यांच्या एकुलत्या एक लेकीचा. सव्वीस वर्षांपूर्वी घरातून गेलेली वैजू वर्षातून दोनदा फोन करी, तोही बापाला, तोही बापाच्या कानापुरता. आईबद्दल ती विचारत नसे. आई चुलीपुढून उठत नसे. त्या दिवशी पाऊसपाणी, औषधं, डोळ्यांचं ऑपरेशन असं सगळं बोलून झाल्यावर वैजू जरा थांबली.

"बाबा, आपल्या दुकानातलं ते मशीन आहे का हो अजून? पाखराचं?"

"आहे की."

"चालतं?"

भिकाजींनी पडवीकडे पाहिलं. ताडपत्रीवर एक कोंबडी पिसं फुगवून बसली होती.

"चालतं की," ते म्हणाले. "न चालायला काय झालंय त्याला?"

"मग पाडव्याला येते. रेवाला दाखवायचंय. मी असली खेळाडू होते म्हटलं, तर कार्टी म्हणते, आई, थापा नको मारू."

फोन बंद झाला. पागोळ्या गळत राहिल्या. सत्तरीच्या उंबऱ्यावरचा एक भला माणूस पडवीत उभा होता, आणि त्याच्या तोंडातून निघालेलं एक खोटं त्याच्यासमोर ओलंचिंब उभं होतं. पाडव्याच्या आत ते खरं करायचं होतं.

*

एके काळी बाजारपेठेत, चिक्कीच्या दुकानाला लागून, टांगलेल्या चपलांच्या माळांमागे भिकाजींची खोली होती. खोलीवर पाटी 'करमणूक'. खोलीत अंधार. अंधारात ते यंत्र.

नेरळहून चार हमालांनी ते डोक्यावरून वर आणलं होतं. पेटी सागाची, कर्जतच्या सुतारानं घडवलेली. अंगावर मोरपंखी सनमायका. छातीशी लाल गोळ्याची दांडी, दोन पिवळी बटणं, पोटाशी नाण्याची फट. रुपया आत पडला की काचेत आकाश उघडे. निळंसावळं, अथांग, तारकाखचित आकाश. त्यात इवलंसं पांढरं पाखरू. खाली दाणे, वर ससाणे. दाणा टिपायचा, ससाणा चुकवायचा. एवढीच गोष्ट. जात्यावरच्या बाया दुसरी कुठली गोष्ट सांगत आल्या आहेत?

डाव संपला की यंत्र नाव विचारी. इंग्रजी अक्षरं, तीही तीनच. सर्वांत सरस दहा डावांची यादी मग काचेवर झळकत राही, खेळायला कुणी नसलं की तासन् तास तीच, तेवढीच.

दहावी होऊन घरी बसलेली वैजू सकाळी दुकान झाडायला जाई. केर काढून झाला की बाप म्हणे, "एक डाव खेळ. आईला सांगू नको." ही त्याची माया. हाच त्याचा भित्रेपणा. दोन्ही एकाच वाक्यात बसत.

पोरीच्या बोटांना ससाण्यांची चाल कळे. ते कुठून झडप घालणार हे त्यांच्याआधी तिला ठाऊक असे. दोन महिन्यांत दहाच्या दहा ओळी तिच्या झाल्या. पण नाव कुठलं घालायचं? स्वतःचं घातलं तर बाजारभर होणार. घोडेवाल्यांच्या पोरांत पारट्यांची लेक खेळते, ही वार्ता उतरणीला लागलेल्या पाण्यासारखी थेट कर्जतपर्यंत जाणार. तीन अक्षरांची जागा लुकलुकत होती. वैजूनं असं नाव घातलं, जे प्रत्येकाच्या घरात असतं आणि म्हणून कुणाचं म्हणून ओळखू येत नाही. ए, ए, आय.

आई.

दहा ओळी. दहा वेळा आई.

दुपारी पोरं येत, यादी पाहत, कपाळ बडवत.

"ही आई आहे तरी कोण रे?"

"आईनं आज परत धुतलं!"

"अरे जा, आईला हरवणारा अजून जन्माला यायचाय."

हसण्याचा लोंढा चपलांच्या माळा हलवत रस्त्यावर येई. भाजीची पिशवी घेऊन चाललेल्या भागीरथीच्या कानावर नेमका तो एकच शब्द पडे. ती पदर ओढी, पावलं उचली. आईवरून शिव्या देतात मेले. आणि असल्या उकिरड्यावर माझ्या नवऱ्यानं दुकान मांडलंय!

मग कर्जतचं एक चांगलं स्थळ आलं, आणि परत गेलं. निरोप आला, मुलगी पोरांच्या खेळात असते म्हणे.

दुसऱ्या सकाळी भागीरथी दुकानात शिरली. केरसुणी भिंतीला टेकलेली. लेक काचेपुढे उभी. तिच्या चेहऱ्यावर निळा उजेड, ओठांवर असं हसू, जे आईनं घरात कधी पाहिलं नव्हतं. तेच हसू जिव्हारी लागलं. तिनं वेणी धरली. उघडणाऱ्या दुकानांसमोरून, खरारा थांबवून बघणाऱ्या घोडेवाल्यांसमोरून, लाल मातीतून तिनं अठरा वर्षांची लेक ओढत घरी आणली, आणि दारात उभं करून बोलली,

"माझं नाव मातीत घातलंस तू."

मागे, रिकाम्या दुकानात, काचेवर तिचं नाव दहा ओळींत लखलखत होतं.

वैजू रडली नाही. तिनं बापाकडे पाहिलं. बाप पायरीवर होता. 'मीच तिला खेळ म्हणत होतो,' एवढे पाच शब्द त्याच्या घशाशी आले आणि बुजऱ्या खारीसारखे परत फिरले.

महिन्याभरात वैजू नर्सिंग शिकायला नाशिकला गेली. तिथंच शिकली, तिथंच नोकरीला लागली, तिथंच आपलं आपण लग्न केलं. अक्षतांना घरचं कुणी नव्हतं.

*

त्या यंत्राची एक खोड होती. वीज गेली की स्मृती जाई. बंद केलं की यादी कोरी.

म्हणून भिकाजींनी ते बंद केलंच नाही.

खोलीला कुलूप लागलं, पाटी उतरली, पण आत काच पेटती राहिली. मोटार नसलेल्या गावात त्यांनी हमालाच्या डोक्यावरून मोटारीची बॅटरी आणवली, वीज गेली तरी यंत्र जागं राहावं म्हणून. चार उन्हाळे, चार पावसाळे. बाहेर झडीनं डोंगर झोडपला जाई, दरडी सुटत, वाटा पुसत, आणि कुलपाआड तो नंदादीप तेवत असे. दहा ओळींचा, दहा वातींचा.

"मोकळ्या खोलीत दिवा कुणासाठी जाळता?" भागीरथी विचारी.

"हवा दमट आहे," भिकाजी म्हणत. "यंत्र कुजतं."

पाचव्या पावसाळ्यात वादळानं विजेचे खांब झोपवले. अकरा दिवस डोंगर काळोखात होता. बॅटरी तिसऱ्या दिवशी संपली. बाराव्या दिवशी वीज आली तेव्हा यंत्र पेटलं नाही. भिकाजींनी ते घरी आणलं, तोंड न बघता ताडपत्री घातली, आणि एखाद्या गोष्टीचे दिवस घालावेत तशी गाठ मारली. नाव गेलं, असं त्यांनी मनाशी धरलं. आणि गेलेल्या नावाबद्दल कुणाला काय सांगायचं?

*

ताडपत्री सुटली तेव्हा आतून उंदरांच्या बिळाचा, कुजक्या सागाचा, बंद वर्षांचा वास आला.

वाळवीनं पेटीचे पाय खाल्ले होते. उंदरांनी तारांच्या वेण्या कुरतडून त्यांचं अंथरूण केलं होतं. नाण्याच्या पेटीत गांधीलमाशीनं मातीचं घर बांधलेलं होतं. तेही लाल.

भिकाजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता. वीतभर अंतरावरचं भिंगातून दिसे, हातभर पलीकडे सगळं धुकं. म्हणून ते यंत्राच्या पाठीशी पाट टाकून बसत. एकेक तार बोटांनी चाचपत, एकेक सांधा भिंगाखाली धरत, तापल्या कांडीनं शिशाचा चमकता थेंब टिपत. थेंब गोठे, सांधा जुळे. गोठलेल्या थेंबाकडे ते जरा जास्त वेळ पाहत. इतक्या सोप्या रीतीनं जुळणारं जगात काहीतरी आहे, याचं त्यांना बरं वाटे.

भागीरथी यंत्राच्या तोंडाशी असे. लेक येणार हे तिला कळलं होतं. कसं कळलं हे तिनं सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. एका सकाळी तिनं फडकं घेतलं आणि न बोलता सनमायका पुसू लागली. तिसऱ्या दिवशी मोरपंखी रंग वर आला.

तो पाठीशी, ती तोंडाशी. मधे ते यंत्र. सव्वीस वर्षं त्यांच्या संसाराची मांडणी हीच तर होती.

पुसता पुसता ती गुणगुणे. गळा अजून जात्याच्या घरघरीवर पोसलेला.

*अंगणी माझ्या बाई, जांभळीची गं सावली*
*लेक रुसून गेली, मागं राहिली सावली*

काच मात्र स्वच्छ होईना. उगवतीचं तिरपं ऊन पडवीत आलं की काळ्या काचेत फिकट, राखाडी असं काहीतरी उमटे. दुपारी नसे. संध्याकाळी नसे. फक्त सकाळी, फक्त तिरप्या उन्हात. मराठी चौथी शिकलेल्या भागीरथीला ती अक्षरं वाटलीच नाहीत. तिला दिसली दोन छपरं आणि एक खांब. त्याखाली पुन्हा दोन छपरं, एक खांब. दहा ओळी. धुक्यात बुडालेली, माणसं सोडून गेलेली एखादी वाडी.

डाग आहे, तिनं ठरवलं. तिनं राखेनं घासलं. लिंबानं घासलं. तांब्याच्या हंड्याला घासतात तशी चिंच घेऊन घासलं. डाग काचेच्या आत होता. चार वर्षं न विझता जळलेल्या उजेडानं आपली सावली काचेच्या काळजात कोरून ठेवली होती, आणि ती आता पुसली जाणार नव्हती.

*

नेरळचा याकूब मिस्त्री वर आला तेव्हा यंत्र पहिल्यांदा पेटलं. जेमतेम. आजाऱ्यानं डोळे किलकिले करावेत इतकंच.

"चित्राची नळी थकलीय, भिकूशेट," यंत्राच्या तोंडाकडे बघत तो म्हणाला. "जुन्या चित्राचा डाग पण बसलाय. बदलूया. कल्याणला भंगारात एक चांगली नळी आहे, नवी कोरी दिसेल."

"बदल," पाठीमागून भिकाजी म्हणाले. "वैजूला सगळं नव्यासारखं दिसलं पाहिजे."

मग याकूबनं वीज काढली आणि पेचकसाला तार गुंडाळली. "काकी, जरा लांब. ही बाई बंद दिसते, पण पोटात झटका राखून असते." त्यानं टोक लावलं. चट्ट! निळी ठिणगी उडाली.

भागीरथीनं विचारलं, "अशी किती वर्षं राखून ठेवते?"

"वर्षं?" याकूब हसला. "फार तर काही दिवस, काकी. यंत्र आहे, माणूस थोडंच आहे?"

ती हसली नाही.

*

वसुबारसेच्या सकाळी याकूब नवी नळी घेऊन आला. हातगाडीवर, पेंढ्यात, पेंढ्यावर गोधडी, तान्ह्या मुलासारखी. अंगणभर कोवळं ऊन होतं. भिकाजी यंत्रामागे पाटावर, हातात पेचकस. चार स्क्रू, की जुनी काच सुटणार होती.

"काढा एकदाची ती काच," भागीरथी म्हणाली. "लेक येतीय. डागाळलेलं तोंड कशाला तिच्यापुढे? राख झाली, लिंबू झालं, चिंच झाली, पण ती दोन छपरं नि खांब काही हलत नाहीत बाई."

यंत्रामागचा आवाज थांबला.

"कसली छपरं?"

"हीच की. दोन छपरं, एक खांब. दोन छपरं, एक खांब. वरपासून खालपर्यंत."

पेचकस फरशीवर पडला आणि घरंगळत गेला. भिकाजी भिंतीला धरून उठले आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा यंत्राच्या तोंडाशी आले. काचेला नाक लावलं. धुकं. नुसतं धुकं.

"मला दिसत नाही," ते म्हणाले. त्यांचा आवाज कुणा दुसऱ्याचा वाटला. "तुला दिसतं ते मला काढून दाखव. मातीत काढ."

"याड लागलंय का तुम्हाला?"

"काढ, भागे."

ती पायरीखाली उकिडवी बसली. बोटानं लाल मातीत एक छप्पर ओढलं, मधे आडवं आढं. त्याशेजारी दुसरं छप्पर, दुसरं आढं. मग एक उभा खांब. भिकाजी गुडघे टेकून खाली वाकले. कपाळ जमिनीला लागेल इतके वाकले. मग बोटाच्या टोकानं त्या रेघांच्या ओल्या चरांतून हळूहळू फिरू लागले. पहिलं छप्पर. दुसरं छप्पर. खांब.

डोळे असून ज्याला दिसत नव्हतं, त्याला वाचता आलं. जिला दिसत होतं, तिला वाचता येत नव्हतं. एवढं एक नाव वाचायला दोन माणसं लागली, आणि सव्वीस वर्षं.

"हे तुझं नाव आहे," ते म्हणाले.

"माझं नाव भागीरथी. हे कसलं?"

"आई असं लिहिलंय. वैजूनं. तीनच अक्षरांना जागा असायची. सगळ्यांत वरचे दहा डाव तिचेच होते, आणि दहाही डावांना तिनं तुझं नाव दिलं होतं."

उन्हात एक पान गळालं. याकूबनं नळी पोटाशी धरून ठेवली.

"कधी?" भागीरथीनं विचारलं.

"त्या सकाळी पण होतं. तू वेणी धरलीस तेव्हा पण होतं."

"आणि तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"मी तिला दारात काय बोलले ते तुम्ही ऐकलं होतं?"

"ऐकलं होतं."

"आणि तोंडात काय गुळणी धरली होती?"

भिकाजींनी मातीतला हात उचलला नाही. "मीच तिला खेळायला सांगत होतो, भागे. भ्यालो तुला. मग वाटलं, नाव तरी जपावं. म्हणून दिवा जाळला. तोही विझला." त्यांनी मान वर केली. "आत उरलंय हे मला माहीत नव्हतं गं."

भागीरथी उठली. आपल्या हातांकडे तिनं पाहिलं. राखेनं काळवंडलेली, लिंबानं चिरलेली, चिंचेनं आंबलेली बोटं. दोन महिने, रोज सकाळी, सगळं बळ एकवटून, लेकीनं लिहिलेली आई ती घासून काढत होती.

"काकी," याकूब खालच्या आवाजात म्हणाला, "मग नळी बसवू का नको?"

"हात लावू नकोस त्याला."

"चित्र फिकं येईल. आणि जुन्या नळीचा भरवसा नाही. पाडव्यापर्यंत टिकेल, नाही टिकेल."

"माणसांचा आहे वाटतं?"

तिनं याकूबला चहा दिला, वर करंजी दिली. नवऱ्याचा पेला तिनं यंत्राच्या माथ्यावर ठेवला आणि आत निघून गेली. भिकाजींनी तो चाचपत शोधला. तोवर चहावर साय धरली होती.

*

घरात चार दिवस बोलणं नव्हतं. पेले यंत्राच्या माथ्यावर येत होते आणि यंत्राच्या माथ्यावरून जात होते.

नरकचतुर्दशीच्या दुपारी भिकाजी डोळा लागून पडले होते. भागीरथी पडवीत आली. काच पेटलेली होती. तिनं फटीत रुपया टाकला. फिकं, धुवट, पहाटचंद्रासारखं आकाश. त्यात पांढरं पाखरू. पाखराखाली तिची ती वाडी, दोन छपरं, एक खांब. जिथं जिथं पाखरू उडे, तिथं तिथं खाली ती वाडी असे. नवं चित्र जुन्या नावावरून वाहत होतं, पाण्यानं तळाच्या दगडांवरून वाहावं तसं.

तिनं दांडी धरली. लाल गोळा एका बाजूनं झिजलेला होता. एका अंगठ्याएवढा खळगा. तिचा अंगठा त्यात बसला. इथं होती पोरगी. रोज इथं होती. आपल्या घरात, आपल्या ताटाशी, आपल्या अंथरुणाशी जी कधी सापडली नाही, ती या एवढ्याशा खळग्यात होती.

पहिल्याच ससाण्यानं पाखरू नेलं.

काचेवर तीन रिकाम्या जागा लुकलुकू लागल्या. यंत्र नाव विचारत होतं.

भागीरथी मागे सरली. एकच नाव तिला येत होतं, तेही दोन दिवसांपूर्वीच शिकलेलं. पण ते घालायला बोट पुढे होईना. लेकीनं दिलेलं, आपण मातीत घातलेलं. आता ते आपलं म्हणायचं कुठल्या तोंडानं? जागा लुकलुकत राहिल्या. विचारत राहिल्या. तिनं पदर तोंडात धरला.

*

पाडव्याला पहाट फुटली ती दवाची. जांभळीखाली ओलसर लाल अंगण, वर निवळत चाललेलं आकाश.

भागीरथीनं उंबऱ्यापासून फाटकापर्यंत सडा घातला. मग रांगोळीचा डबा काढला. यंदा कमळ काढलं नाही, गोपद्म काढलं नाही. फाटकाच्या आत दोन पावलांवर चिमटीतून पांढरी धार सुटली आणि मातीवर एक छप्पर उभं राहिलं. त्याला आढं. शेजारी दुसरं छप्पर. मग खांब. ती एक पाऊल मागे सरकली आणि पुन्हा वाकली. लेकीनं दिव्यानं लिहिलं होतं, ती रांगोळीनं लिहीत होती. काचेवरचं नाव तिच्या हातचं नव्हतं. हे तिच्या हातचं होतं. कबुलीसारखं, एकेक ओळ, गुडघे दुखेपर्यंत.

भिकाजी दारात आले. चार दिवसांत ती पहिल्यांदा बोलली.

"ओळ सरळ आहे का बघा."

"मला कुठं दिसतंय?"

"मग पाय तरी जपून ठेवा. पुसलंत तर बघा."

ते उंबऱ्यावरच बसले. दोन्ही पाय पोटाशी घेऊन, शहाण्या मुलासारखे.

सातव्या ओळीला वाऱ्यानं एक खांब उडवला. तिनं तो पुन्हा उभा केला. नवव्या ओळीवर जांभळीचं पान पडलं. तिनं ते नखानं उचललं. दहावी ओळ उंबऱ्याशी संपली तेव्हा ऊन अंगणात उतरलं होतं, आणि पडवीत काच फिक्या उजेडात जागी होती. पाडव्यापर्यंत टिकली होती.

वळणावर घोड्याचे घुंगरू वाजले. वाजत आले. थांबले.

फाटक कुरकुरलं.

भागीरथीनं मान वर केली नाही. ती तशीच वाकलेली, चिमटीत उरलेली रांगोळी घट्ट धरून. तिला फक्त पावलं दिसली. एक लहान जोडी, शहरी बुटातली, आणि तिच्यापुढे एक मोठी जोडी, घोड्याशेजारून चालत आलेली, अनवाणी, टाचांपर्यंत लाल. ती पावलं पुढे आली. पहिल्या ओळीपाशी आली.

आणि थांबली.

अंगठा रांगोळीच्या कडेशी होता. पांढऱ्या रेघेपासून तांदळाएवढ्या अंतरावर. तो पुढे झाला नाही, मागेही झाला नाही. वारा पडला होता. जांभळ निश्चल होती.

लाल मातीवर पांढरी छपरं. पांढऱ्या छपरांपलीकडे लाल पावलं. मधे दहा ओळी, मधे सव्वीस वर्षं, मधे एक नाव. आणि त्या नावाच्या एका टोकाशी लेक उभी, एका टोकाशी आई वाकलेली, आणि वरून ऊन उतरत होतं. सावकाश उतरत होतं. खांबावर, छपरावर, छपरावर.